पडदा मोठा, मन कोतं

फोन आपला, टीव्ही आपला, घरातलं वायफायही आपलंच. मग आपल्या फोनमधला फोटो आपल्याच टीव्हीवर लावायला परवानगी कोणाची लागते? कंपन्यांची. कुठल्या फोनची कुठल्या टीव्हीशी जोडी जमणार आणि कुठल्याची नाही, हे त्या ठरवतात आणि खोक्यावर मात्र त्याबद्दल अवाक्षर छापत नाहीत. दोन्ही वस्तूंचे पैसे मोजून झाले, टीव्ही भिंतीवर चढला, पाहुणे सोफ्यावर बसले, की मग आपल्याला कळतं. साखरपुड्याचे फोटो बघायला जमलेली दहा माणसं एका फोनभोवती माना खुपसून उभी राहतात आणि समोरचा ४३ इंची पडदा काळाठिक्कर असतो.

अशा वेळी घरातलं मोठं माणूस हमखास म्हणतं, ‘आपल्याला बाबा यातलं काही कळत नाही.’ हे वाक्य आधी मनातून काढून टाका. तुमचं काही चुकलेलं नाही. फोनचा पडदा टीव्हीवर दाखवण्याचं तंत्र दहा-पंधरा वर्षांचं जुनं आहे आणि ते व्यवस्थित चालतं. अडतं ते धंद्याच्या हिशेबापाशी.

हिशेब कसा बिघडत गेला ते क्रमाने बघा. २०१० साली अ‍ॅपलने एअरप्ले आणलं. २०११ मध्ये आयफोन ४एस आणि आयपॅड २ यांचा अख्खा पडदा टीव्हीवर दिसू लागला. अट एवढीच की टीव्हीला अ‍ॅपलचाच डबा जोडलेला हवा. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये वायफाय अलायन्स या कंपन्यांच्या सामाईक संस्थेने मिराकास्ट आणलं. यामागचा विचार खरोखर चांगला होता. फोन कुठल्याही कंपनीचा असो, टीव्ही कुठल्याही कंपनीचा असो, दोघांनी एकमेकांशी थेट वायफायने जोडून घ्यायचं. मध्ये राउटर नको, इंटरनेट नको, वेगळा डबा नको. त्याच वर्षी अँड्रॉइड ४.२ मध्ये गूगलने ते घातलंसुद्धा. सगळ्यांची मिळून एक वाट झाली असती.

मग २०१३ च्या जुलैमध्ये गूगलने स्वतःचं क्रोमकास्ट काढलं. ३५ डॉलरची छोटी वस्तू, टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टमध्ये खोचायची की झालं. वस्तू चांगली होती, यात वाद नाही. पण स्वतःची वाट पक्की झाल्यावर गूगलने सगळ्यांच्या वाटेकडे पाठ फिरवली. २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ आलं आणि गूगलच्या स्वतःच्या फोनांमधून मिराकास्ट गेलं. आजही पिक्सेल फोनमध्ये ते नाही. सॅमसंगसारख्या कंपन्यांनी आपल्या फोनांत ते टिकवलं म्हणून लोकांचं निभावलं. अ‍ॅपलने तर आयफोनमध्ये ते कधी घेतलंच नाही.

परिणाम असा, की मुलाकडे आयफोन, सुनेकडे पिक्सेल, सासऱ्यांकडे सॅमसंग आणि भिंतीवर चौथ्याच कंपनीचा टीव्ही असेल, तर एका घरातल्या तिघांना तीन निरनिराळे रस्ते. एकाच कामाला नावंही निरनिराळी. सॅमसंगच्या फोनमध्ये ते ‘स्मार्ट व्ह्यू’, आयफोनमध्ये ‘स्क्रीन मिररिंग’, पिक्सेलमध्ये ‘कास्ट’, एलजीच्या टीव्हीत ‘स्क्रीन शेअर’, अ‍ॅमेझॉनच्या फायर टीव्हीत ‘डिस्प्ले मिररिंग’. फोनवर एक नाव आणि टीव्हीवर दुसरं असलं, की साठीच्या माणसाने सेटिंगमध्ये शोधायचं तरी काय?

* * *

कंपन्यांच्या भांडणात गिऱ्हाईक कसं भरडलं जातं, याचा धडधडीत दाखला अ‍ॅमेझॉन आणि गूगलचा आहे. २०१५ मध्ये अ‍ॅमेझॉनने आपल्या दुकानातून क्रोमकास्ट आणि अ‍ॅपल टीव्ही विकणंच बंद केलं. का, तर त्यांवर प्राइम व्हिडिओ नीट चालत नाही म्हणून. ते चालवण्याचं काम अ‍ॅमेझॉनचंच होतं. गूगलनेही उट्टं काढलं. २०१८ च्या सुरुवातीला फायर टीव्हीवरून यूट्यूब काढून घेतलं. पैसे देऊन फायर स्टिक घेतलेल्या माणसाचा यात काय गुन्हा होता? २०१९ च्या जुलैमध्ये दोघांची दिलजमाई झाली आणि यूट्यूब फायर टीव्हीवर परत आलं, प्राइम व्हिडिओ क्रोमकास्टवर आला. मधल्या काळात कोणी नवा शोध लावला नव्हता. दोन कंपन्यांचं पटलं, एवढंच झालं.

त्याच वर्षीची दुसरी गोष्ट. २०१९ च्या जानेवारीत सॅमसंग, एलजी, सोनी यांनी आपल्या टीव्हीत एअरप्ले येणार असं जाहीर केलं. म्हणजे आयफोनवाल्याला आता अ‍ॅपलचा वेगळा डबा लागणार नव्हता. लोकांच्या सोयीची गोष्ट घडली आणि तीनेक महिन्यांत नेटफ्लिक्सने एअरप्लेला दिलेली सोय काढून घेतली. समोर कुठलं यंत्र आहे ते आम्हाला ओळखता येत नाही, दर्जाची खात्री देता येत नाही, असं कारण दिलं. पुढे २०२५ च्या अखेरीला तर फोनवरून बहुतेक टीव्हींवर नेटफ्लिक्स कास्ट करण्याची सोयच गेली. टीव्हीचं रिमोट वापरा, असं उत्तर मिळालं. दर महिन्याला पैसे भरणाऱ्या माणसाने फोनवर शोधावं आणि टीव्हीवर लावावं, ही सवय त्याला याच कंपन्यांनी लावली होती. ती मोडताना त्याला विचारलं मात्र नाही.

विकत घेतलेली वस्तू नेमकी किती आपली असते, तेही त्याच वर्षी दिसलं. २०२५ च्या मार्चमध्ये जगभरातली दुसऱ्या पिढीची क्रोमकास्टं एकाएकी अडली. २०१५ साली बाजारात आलेली ही यंत्रं खरी आहेत हे पटवणारं एक डिजिटल प्रमाणपत्र असतं. त्याची मुदत संपली होती. यंत्र धडधाकट, वायफाय चालू, टीव्ही चालू, पण फोन म्हणतो जोडणी होत नाही. गूगलने पुढे दुरुस्ती पाठवली, हे खरं. पण आपल्या दिवाणखान्यातली वस्तू कंपनीच्या एका तारखेवर बंद पडू शकते, हे खरेदी करताना कोणाला सांगितलं होतं?

* * *

आता थोडं कामाचं. दुकानदारही गोंधळ घालतात अशी एक गोष्ट आहे: कास्ट आणि मिररिंग या दोन अगदी वेगळ्या क्रिया आहेत.

कास्ट करताना फोन टीव्हीला फक्त सांगतो, अमुक व्हिडिओ लाव. टीव्ही तो इंटरनेटवरून स्वतः आणतो. फोन खिशात टाका, त्यावर बोला, स्वयंपाकघरात जा, व्हिडिओ चालूच राहतो. फोनचं काम रिमोटचं. मिररिंगमध्ये फोनचा पडदा जसाच्या तसा जातो. फोन प्रत्येक क्षणी आपल्या पडद्याचं चित्र आवळून पाठवतो, टीव्ही ते उलगडून दाखवतो. म्हणून बॅटरी भराभर उतरते, फोन तापतो आणि चित्र किंचित मागे राहतं. क्रिकेटचा सामना बघताना हे फारसं जाणवणार नाही. फोनवरचा गेम टीव्हीवर बघत खेळायला गेलात तर बोट आधी आणि चित्र नंतर, असं होणार. टीव्हीत ‘गेम मोड’ असेल तर तो लावा, उशीर थोडा कमी होतो.

तेव्हा ज्या अ‍ॅपमध्ये कास्टची खूण आहे तिथे कास्ट करा. फोटो, कागदपत्रं, शाळेचं अ‍ॅप, अशी खूण जिथे नाही तिथेच मिररिंग करा. कास्ट आणि एअरप्ले यांना फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर लागतात. यादीत टीव्ही दिसत नसेल तर आधी तेच बघा. फोन चुकून मोबाईल डेटावर असतो, किंवा राउटरच्या ‘गेस्ट’ नावावर असतो, किंवा त्यात व्हीपीएन चालू राहिलेलं असतं. हॉटेलं आणि कॉलेजांच्या वायफायवर तर एका यंत्राला दुसरं दिसूच नये अशी व्यवस्था बहुतेकदा मुद्दाम केलेली असते. तिथे डोकं फोडून उपयोग नाही, केबल बरी.

* * *

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो शाळांसाठी.

महाराष्ट्रातल्या शिक्षकांनी फोन आणि पडदा यांचा उपयोग फार आधी ओळखला. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी शिक्षकांना वाटून दिली. आता बालभारतीच्या पुस्तकात धड्याशेजारी क्यूआर कोड असतो. तो स्कॅन केला की केंद्र सरकारच्या २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ अ‍ॅपवर त्या धड्याचा व्हिडिओ उघडतो. छानच आहे. पण तो उघडतो बाईंच्या फोनवर. वर्गात मुलं तीस. फोन पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकापर्यंत फिरवायचा, की भिंतीवरच्या टीव्हीवर लावायचा?

टीव्ही कित्येक शाळांमध्ये आहेत. गावाने लोकवर्गणी काढून घेतलेले आहेत. पस्तीस मिनिटांची तासिका. बाई फोनमध्ये टीव्ही शोधतात, यादी रिकामी. टीव्ही बंद करून पुन्हा लावतात. आता नाव दिसतं, ‘कनेक्टिंग’ येतं, गोल फिरत राहतं. दहा मिनिटं संपली. मागच्या बाकावरची मुलं एकमेकांना चिमटे काढायला लागली. बाई फोन ठेवतात आणि खडू उचलतात. पुढच्या आठवड्यात त्या टीव्हीच्या वाटेला जात नाहीत आणि वर्षभराने तपासणीला आलेले साहेब लिहितात, ‘डिजिटल साधनांचा वापर होत नाही.’

या वर्गाला खरी गरज आहे ती मिराकास्टसारख्या खुल्या, बिनइंटरनेटच्या वाटेची. दीक्षावरचा व्हिडिओ घरच्या रेंजमध्ये आधी उतरवून ठेवता येतो. मग शाळेत नेटवर्क नसलं तरी फोन आणि टीव्ही थेट जोडले गेले, की धडा चालू. दुर्गम पाड्यावरच्या शाळेला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. ज्या तंत्राला इंटरनेट लागत नाही तेच कंपन्यांना नकोसं झालं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. इंटरनेटशिवाय झालेल्या जोडणीत त्यांना मोजायला, विकायला काहीच हाती लागत नाही.

शाळेसाठी टीव्ही घेताना म्हणून एक अट निविदेतच घाला. पंचायत समिती, ग्रामपंचायत, गावातलं मंडळ, जो कोणी खर्च करणार असेल त्याने घाला. शाळेतल्या शिक्षकांच्या फोनांवरून, इंटरनेट बंद ठेवून, फोनचा पडदा टीव्हीवर लागला पाहिजे. लागला तर बिल मंजूर. कागदावर ‘स्मार्ट टीव्ही’ लिहिलेलं आहे, तेवढ्यावर सही करू नका.

* * *

शाळेसारखीच ओढ घराघरातल्या आजी-आजोबांना असते. मुलगा न्यू जर्सीत, नातू दोन वर्षांचा, रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल. आजीला मोतीबिंदू. फोनमधला नातू तिला पुसटसा दिसतो. टीव्हीवर दिसला तर त्याचे दात किती आले तेही ती सांगेल. पण फोन उभा धरला तर ४३ इंची टीव्हीवर चित्र केवढं दिसतं, याचा हिशेब करून बघा. पडदा ९५ सेंटिमीटर रुंद. आजचे फोन लांबुळके, साधारण वीसास नऊ या प्रमाणातले. तसा उभा फोन त्या पडद्यावर जेमतेम २४ सेंटिमीटर रुंदी व्यापतो. पाऊण टीव्ही काळा. फोन आडवा केला, पडदा फिरवण्याचं सेटिंग चालू ठेवलं आणि पलीकडच्या मुलालाही फोन आडवा धरायला सांगितलं, तर तोच नातू टीव्हीभर दिसतो. आवाज बहुतेकदा फोनमधूनच येत राहतो, कारण कॉलचा आवाज सहसा मिररिंगबरोबर जात नाही. फोनचा स्पीकर मोठा करून तो आजीच्या जवळ ठेवा. एवढं दहा मिनिटांचं काम सुट्टीला आलेल्या मुलांनी एकदा करून द्यावं आणि पायऱ्या मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून टीव्हीशेजारी चिकटवाव्यात.

* * *

काळा पडदा आणखी एका ठिकाणी भेटतो. फोनवर सिनेमा चालू, मिररिंग लावलं, आवाज येतो आणि चित्र गायब. हे बिघाडाने होत नाही, मुद्दाम केलेलं असतं. चोरून प्रत काढता येऊ नये म्हणून सिनेमाच्या अ‍ॅपवाल्यांनी चित्र अडवलेलं असतं. बँकांची अ‍ॅपंही असंच करतात आणि तिथे ते अगदी योग्य आहे. आपली शिल्लक दिवाणखान्यात झळकू नये. सिनेमाबाबत मात्र मला हे पटत नाही. भारतात नेटफ्लिक्सची १४९ रुपयांची योजना फक्त फोन-टॅबलेटपुरती आहे, हे कंपनी आधी सांगते. तो व्यवहार उघड आहे, तक्रार नाही. पण टीव्हीसकट सगळ्याचे पैसे भरलेल्या माणसाचंही चित्र मिररिंगमध्ये काळं का व्हावं? सिनेमे चोरणाऱ्या टोळ्या दिवाणखान्यातल्या टीव्हीवर मिररिंग करून चोऱ्या करत नाहीत. चोर सुटतो आणि पैसे भरणारा अडतो, असा हा बंदोबस्त आहे.

* * *

आता केबल. मला विचाराल तर फोन मोठ्या पडद्यावर दाखवण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग आजही तोच आहे. वायफाय नको, यादी नको, उशीर नको. आणि नेमकी तीच वाट कंपन्यांनी चोरपावलांनी अरुंद केली.

टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर नेण्याची सोय, डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड, २०१४ पासून अस्तित्वात आहे. २०१७ च्या सॅमसंग गॅलेक्सी एस८ मध्ये ती होती. खास डॉकमधून मॉनिटरला फोन लावला की संगणकासारखा पडदा उघडायचा. आयफोनमध्ये टाइप-सी आलं ते २०२३ च्या आयफोन १५ मध्ये, तेव्हा चित्राची सोयही आली. पण बाजारातल्या कित्येक स्वस्त आणि मधल्या किमतीच्या फोनांत पोर्ट टाइप-सी दिसतं आणि आत यूएसबी २.० असतं. चार्जिंग होतं, फायली जातात, चित्र जात नाही. बाहेरून दोन्ही पोर्टं अगदी सारखी. माणूस टाइप-सी ते एचडीएमआय केबल घेतो, लावतो, टीव्हीवर ‘नो सिग्नल’. केबल खराब निघाली म्हणून दुकानात परत नेतो. केबल चांगलीच असते. फोनला ते जमत नाही, हे फोन विकणाऱ्याने सांगायचं होतं.

पिक्सेल ८ चं तर आणखी अजब. फोन २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आला. केबलने चित्र बाहेर न्यायची ताकद त्याच्या अंगात होती, पण ती बंद ठेवलेली होती. २०२४ च्या जूनमध्ये एका अपडेटने ती चालू झाली. फोन तोच, पोर्ट तेच. मग आठ महिने लोकांना ताटकळत का ठेवलं?

सरकारने मनात आणलं तर हे सुधारता येतं. चार्जरच्या बाबतीत ते करून दाखवलेलं आहे. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनांना टाइप-सी सक्तीचं झालं. भारतीय मानक ब्यूरोनेही जानेवारी २०२३ मध्ये टाइप-सीचं भारतीय मानक जाहीर केलं. घरातले पाच चार्जर जाऊन एक राहिला, हा साध्या माणसाचा विजय होता. पण तो विजेपुरता झाला, चित्राचं राहूनच गेलं. २०२५ च्या मार्चमध्ये युरोपीय आयोगाने अ‍ॅपलला ज्या गोष्टी इतर कंपन्यांसाठी खुल्या करायला सांगितल्या, त्यांत टीव्हीवर कास्ट करण्याची सोयही आहे. म्हणजे हा प्रश्न सरकारने हात घालण्याजोगा आहे, हे तिकडे मान्य झालेलं आहे. जगातल्या सगळ्यात मोठ्या फोन बाजारपेठांपैकी एक आपली आहे. आपण का मागे राहावं?

* * *

कंपन्यांना एवढं बोलल्यावर आपल्यालाही एक ताकीद हवी. मिररिंग म्हणजे सगळं दिसणं. सोसायटीच्या वार्षिक सभेत सचिव हिशेबाचा तक्ता टीव्हीवर लावतात आणि वरून मेसेज घसरत येतो: तुमच्या कर्जाचा हप्ता थकला आहे. चाळीस सभासद वाचतात. तक्ता कोणाच्या लक्षात राहत नाही, हप्ता राहतो. म्हणून चारचौघांत पडदा लावण्याआधी ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू करा, गॅलरीत हवा तोच अल्बम उघडून ठेवा. अँड्रॉइड १५ मध्ये पडदा शेअर होत असताना ओटीपी असलेल्या सूचना झाकण्याची सोय आली आहे. जुन्या फोनांनी त्यावर भिस्त ठेवू नये. इमारतीत राहत असाल तर यादीत शेजाऱ्यांचे टीव्हीही दिसतात. नाव वाचूनच बोट लावा आणि स्वतःच्या टीव्हीला ओळखू येईल असं नाव द्या. कोणाच्याही फोनने परस्पर जोडलं जाऊ नये म्हणून टीव्हीवर परवानगी विचारण्याचं सेटिंग चालू ठेवा.

आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला बजावून सांगा. आपल्या टीव्हीला पडदा दाखवणं वेगळं आणि फोनवरच्या अनोळखी माणसाला पडदा दाखवणं वेगळं. ‘बँकेतून बोलतोय, हे अ‍ॅप उतरवा, स्क्रीन शेअर करा’ असं कोणी म्हणालं, की फोन ठेवा. एनीडेस्कसारख्या अ‍ॅपच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीतच बँकांना सावध केलं होतं. पडदा दिसला की ओटीपी दिसतो, ओटीपी दिसला की खातं रिकामं होतं. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात.

* * *

माझ्या मागण्या तीन आहेत आणि तिन्ही साध्या आहेत. पहिली: फोनच्या आणि टीव्हीच्या खोक्यावर, किमतीच्या शेजारी, मराठीत आणि ठळक अक्षरांत छापा की पडदा कोणकोणत्या मार्गाने दाखवता येतो: मिराकास्ट, कास्ट, एअरप्ले, केबल. हो किंवा नाही, एवढंच. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ वस्तूच्या दर्जाची आणि क्षमतेची माहिती मिळण्याचा हक्क आपल्याला देतो. ही माहिती त्यातच मोडते. दुसरी: इंटरनेटशिवाय चालणारी एक खुली वाट देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये आणि प्रत्येक स्मार्ट टीव्हीत सक्तीची करा. तिसरी: विकताना दिलेली सोय नंतर अपडेटच्या नावाखाली काढून घ्यायची असेल, तर त्याची भरपाई द्या.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे आणि ती याच दिवाळीत करता येईल. टीव्ही घ्यायला जाल तेव्हा घरातले सगळे फोन बरोबर न्या. पॅनेल किती चकचकीत आहे, आवाज किती घुमतो, हे नंतर. आधी विक्रेत्याला सांगा, ‘हे आमचे फोन, हा तुमचा टीव्ही. लावून दाखवा.’ एकेक फोन लागला की पुढचा द्या. शाळेसाठी घेत असाल तर त्याला फोनचा डेटा आणि दुकानाचं वायफाय बंद करायला सांगा आणि मग लावून दाखवायला सांगा. फोन घेताना टाइप-सी ते एचडीएमआय केबल मागवा आणि दुकानातल्याच टीव्हीला लावा. होईल, घरी गेल्यावर होईल, अपडेट आल्यावर होईल, या कुठल्याही उत्तरावर पैसे देऊ नका. खोक्यावर एक आणि घरी दुसरं निघालं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, बिल जपून ठेवा. दुकानात लागलं तरच घ्या. नाही लागलं तर पुढच्या दुकानात जा.